बोटं मागितलीत कुणी?

“अंकल, तुमच्याकडे लाइव्ह स्कॅन आहे की अजून शाईच?”

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो. विचारणारा कोरमंगलचा नाहीतर व्हाइटफील्डचा इंजिनियर असतो. अमेरिकेत काही वर्षं काढून परत आलेला आणि आता कॅनडाच्या नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या पीआरच्या मागे लागलेला. शाई म्हटलं की त्याला वाटतं, हा म्हातारा अजून टाइपरायटरवर पत्रं लिहीत असणार. मी उलट विचारतो, “बोटं मागितलीत कुणी?” पलीकडून उत्तर येतं, “बॅकग्राउंड चेकसाठी हवीत.” “ते कळलं हो. पण मागितली कुणी? कागद आलाय ना, त्यावर काय लिहिलंय ते वाचा.” मग तो ईमेल शोधायला लागतो.

माझी सगळी नोकरी बोटांच्या ठशांत गेली. मूळचा बेळगावचा, शहापूरचा. कर्नाटक पोलिसांत फिंगरप्रिंटच्या कामाला लागलो, ठसेतज्ज्ञांची अखिल भारतीय परीक्षा दिली आणि भिंगाखाली रेघा मोजता मोजता निवृत्त झालो. आता मल्लेश्वरमला घराच्या पुढच्या खोलीत परदेशी जाणाऱ्यांचे ठसे घेऊन देतो. आमच्या हिला हा उद्योग फारसा पसंत नाही, कारण येणारा प्रत्येक जण हात धुवायला तिच्याच बेसिनपाशी जातो.

या धंद्यात रोज दिसतं ते असं, की लोक आधी पद्धत निवडतात आणि मग ठसे कशाला हवेत ते विचारतात. शाई की मशीन, सरकारी की खाजगी, घरी येणार का, किती घेणार. हे सगळं नंतरचं. ठसा मागणाऱ्याला मुळात दोनपैकी एक गोष्ट हवी असते. ‘समोरचा माणूस तोच आहे ना?’ हा एक प्रश्न. ऑफिसची हजेरी, रेशन दुकान, मोबाइलचं कुलूप, बँक मित्राकडचं ते छोटं यंत्र, सगळीकडे हाच प्रश्न असतो. त्याला एक बोट पुरतं, कारण ताडून बघायचं ते एकाच नोंदीशी. दुसरा प्रश्न म्हणजे ‘हा माणूस आमच्या दप्तरात आधीच कुठे आहे का, कदाचित वेगळ्या नावानं?’ इथे कोट्यवधी नोंदी चाळायच्या असतात. एका बोटावर ते भागत नाही. दहाही लागतात, आणि नुसती टेकवलेली नव्हे, तर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलेली.

फिरवायचं कशाला, हे समजायला जरा मागे जावं लागेल. इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यानं १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा छाप घेतला, तो सही पुढे नाकारू नये म्हणून. पुढे १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्यानं पेन्शनरांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनरच्या नावावर दुसराच कुणी पैसे उचलायचा, ते थांबवायचं होतं. हा पहिल्या जातीचा प्रश्न झाला. दुसऱ्या जातीचा प्रश्न सुटला तो १८९७ मध्ये, कलकत्त्यात. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो तिथे निघाला. पद्धतीला नाव मिळालं पोलिस महानिरीक्षक एडवर्ड हेन्रीचं. डोकं चाललं होतं मुख्यतः अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा फौजदारांचं. सगळ्या माणसांची बोटं त्यांनी १०२४ खणांत वाटून टाकली. कुठल्या बोटावर चक्र आहे आणि कुठल्या नाही, एवढ्यावरून खण ठरायचा. आपल्याकडे बारशाला आलेल्या आत्या-मावश्या बाळाच्या बोटांवरचे शंख-चक्र मोजतात, तेच चक्र. स्कॉटलंड यार्डानं १९०१ मध्ये ही पद्धत उचलली.

आता चक्राच्या दोन्ही बाजूंना रेघा जिथे फुटतात तिथे एकेक त्रिकोण तयार होतो. आम्ही त्याला डेल्टा म्हणतो. हे डेल्टे बोटाच्या कडेला असतात. बोट नुसतं टेकवलं तर मधला भाग उमटतो आणि डेल्टे राहून जातात. मग चक्र कुठल्या प्रकारचं, शंखात रेघा किती, काही मोजता येत नाही. म्हणून फिरवायचं. आजचं कॉम्प्युटर खण मोजत बसत नाही. रेघ कुठे संपली, कुठे दुभंगली, असे बारीक बिंदू ते टिपतं. पण फिरवलेल्या ठशात असे बिंदू जास्त मिळतात, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही गुन्हेगारी दप्तर चाळायचं असेल तर बोट फिरवूनच मागतात.

अमेरिकेत राहून आलेल्यांना पोलिस दाखल्यासाठी लागतं ते एफबीआयचं कार्ड एफडी-२५८ या नावानं ओळखलं जातं. आठ इंच बाय आठ इंच. वर नाव-गाव, मध्ये दोन ओळींत दहा चौकटी. वरच्या ओळीत उजवा हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, खालच्या ओळीत डावा. सगळ्यात खाली टेकवलेले ठसे. डाव्या हाताची चार बोटं एकदम, दोन अंगठे, उजव्या हाताची चार बोटं एकदम. ही खालची ओळ लोकांना उगाच दुप्पट काम वाटते. खरं म्हणजे कार्डाचा प्राण तिथे आहे. वरच्या ओळीत चुकून मधलं बोट दोनदा फिरवलं गेलं, किंवा डावा हात उजव्याच्या जागी गेला, तर ते खालच्या ओळीवरून पकडतात. चार बोटं एकदम उमटलेली असताना त्यांचा क्रम कुणाला बदलता येत नाही.

माझं टेबल मुद्दाम उंच करून घेतलंय, उभ्या माणसाच्या कोपराएवढं. त्यावर काच, रबरी रोलर आणि काळी छपाईची शाई. स्टॅम्प पॅडची शाई चालत नाही, कागदावर पसरते. मोहरीएवढी शाई काचेवर घ्यायची आणि रोलर उभा-आडवा फिरवून तिचा इतका पातळ थर करायचा की काचेखालचा पांढरा कागद करडा दिसावा, काळा नाही. थर जाड झाला की दोन रेघांमधली दरी बुजते, आणि ठशाच्या जागी नुसता डाग पडतो. बोट आधी स्पिरिटनं पुसायचं, कोरडं होऊ द्यायचं. मग मी माणसाला एक हात लांब उभं करतो आणि सांगतो, “कै लूज बिडी, हात सैल सोडा. माझ्याकडे बघू नका, त्या कॅलेंडरकडे बघा.” बघत राहिला की तो मदत करायला जातो. मदत केली की बोट घसरतं. अंगठा शरीराच्या बाजूला आत फिरवायचा, बाकीची बोटं शरीरापासून बाहेर. म्हणजे मनगट अवघडलेल्या अवस्थेतून सुटं होत जातं आणि दाब सारखा राहतो. एकाच दिशेनं, एकदाच. रंग मारल्यासारखं मागे-पुढे केलं की एका ठशावर दुसरा चढतो. चांगला फिरवलेला ठसा जवळजवळ चौकोनी दिसतो, लांबट नाही. टेबल टेनिस खेळणारे, तबला वाजवणारे हात लवकर सैल सोडतात. सगळ्यात ताठ हात असतात ते मॅनेजर लोकांचे.

एखादं बोट नसेल, किंवा बँडेज असेल, तर त्या चौकटीत तसं लिहायचं असतं. कोरी सोडली की कार्ड परत. आणि मी कधी एकच कार्ड करत नाही. तीन करतो, दोन पाठवायला सांगतो. एक वाचता आलं नाही तर दुसरं हाताशी असतं. नाहीतर तिकडून नकार येईपर्यंत आणि पुन्हा कुरियर पोचेपर्यंत पीआरच्या अर्जाची मुदत टळते.

आता त्या लाइव्ह स्कॅनबद्दल. मी त्याच्या विरुद्ध नाही. काचेच्या लोलकावर बोट ठेवतात, आतून उजेड पडतो, जिथे रेघ काचेला टेकते तिथलं परावर्तन बिघडतं आणि रेघांचं चित्र कॅमेऱ्यात जातं, इंचाला ५०० ठिपके या मापानं. ठसा खराब आला तर मशीन तिथल्या तिथे सांगतं, कार्ड वाया जात नाही. अमेरिकेत हे मशीन ठसे सरळ तारेवरून पाठवतं, आणि तिथल्या माणसाला ते खरंच सोयीचं आहे. काही पोस्ट ऑफिसांतही ती व्यवस्था आहे. पण बेंगळुरात बसलेल्या माणसाचे ठसे इथून एफबीआयला तारेनं जात नाहीत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, १८ डॉलर ऑनलाइन भरता येतात, उत्तरही ईमेलनं येतं. पण ठसे मात्र कागदावरच वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला पोचवावे लागतात. म्हणजे इथे ‘लाइव्ह स्कॅन’ची पाटी लावलेल्या दुकानात मशीनवर बोटं घेऊन शेवटी छापतात त्याच एफडी-२५८ वर. ते कार्ड चालतं, यात शंका नाही. त्यासाठी कुणी दुप्पट पैसे मागत असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक गैरसमज इंटरनेटवरून येतो. ‘चॅनलर’कडून केलं तर रिपोर्ट झटकन मिळतो म्हणे. मिळतो. पण एफबीआयचे हे मान्यताप्राप्त मध्यस्थ फक्त अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांचीच कामं घेतात. एच-वन-बी वर राहून परत आलेल्याला तो रस्ता बंद आहे.

देश बदलला की रीत बदलते. कॅनडाची पीआर हवी असेल तर गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या त्या देशाचं पोलिस प्रमाणपत्र लागतं. ऑस्ट्रेलिया बारा महिने धरतं, सलग नसले तरी. इंग्लंडला राहून आला असाल तर माझ्याकडे येऊच नका. त्यांचं पोलिस प्रमाणपत्र नाव, जन्मतारीख, पत्ते यांवर निघतं, बोटं ते मागत नाहीत. उलट कॅनडात शिकून परत आलेल्या मुलाला तिथल्या माउंटेड पोलिसांचा दाखला हवा असेल तर आणखी वेगळी तऱ्हा. ते स्वतः आता फक्त इलेक्ट्रॉनिक ठसे घेतात, पण इथून पाठवायचे तर शाईनंच घ्यायचे, सी-२१६सी या फॉर्मवर. मग ते कॅनडातल्या एखाद्या मान्यताप्राप्त कंपनीकडे कुरियरनं जातात आणि ती कंपनी ते स्कॅन करून पुढे पाठवते.

परवान्यांचं तसंच. इथल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात काम करणारी एक नर्स आली होती, मूळची निपाणीची. कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करत होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, कॅलिफोर्नियात लाइव्ह स्कॅनच लागतं. अर्धं खरं होतं ते. त्या राज्यात प्रत्यक्ष हजर असलेल्यांना लाइव्ह स्कॅन. बाहेरून अर्ज करणाऱ्यांना शाईचं कार्ड. ‘काका, मग तिथे जाऊनच देऊ का?’ म्हणाली. मी म्हटलं, “बाई, परवान्याशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय व्हिसा नाही, व्हिसाशिवाय तिथलं मशीन नाही. द्या हात.” नर्सचे हात मला ओळखू येतात. दिवसातून कितीतरी वेळा सॅनिटायझर लावून बोटांची टोकं कोरडी, भेगाळलेली झालेली असतात. तिला आठवडाभर रात्री खोबरेल चोळून यायला सांगितलं. ठसे घ्यायच्या दिवशी मात्र तेल नको, साबणानं धुऊन यायचं.

इतकं सगळं परदेशाचं झालं. मग आपल्याकडे नोकरीसाठी चौकशी करताना बोटांचं काय करतात? ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, फारसं काही करत नाहीत. आपल्याकडची पोलिस पडताळणी चालते ती मुख्यतः नाव आणि पत्त्यावर. पासपोर्ट सेवा केंद्रात पहिल्याच काउंटरवर फोटोबरोबर बोटं घेतात हे खरं, पण नंतर चौकशी होते ती ठाण्याच्या नोंदीवरून आणि दारात येणाऱ्या हवालदाराकडून. कर्नाटकात पडताळणीचा अर्ज सेवा सिंधू पोर्टलवरून करतात. कंपन्यांनी नेमलेल्या एजन्सी पत्ता, पदवी, जुनी नोकरी, कोर्टातले खटले बघतात. ठशांवरून गुन्हेगारी दप्तर चाळायची सोय खाजगी मालकाला नाही. केंद्राची नाफिस ही यंत्रणा ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. ती प्रत्येक अटक झालेल्या माणसाला दहा अंकी क्रमांक देते, आणि देशभरातले पोलिस तिच्यावर शोध घेऊ शकतात. पण ती पोलिसांची. एचआरच्या मॅडमना तिथे प्रवेश नाही, आणि तो नसावा असंच मला वाटतं. २०२२ च्या कायद्यानं या नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली आहे. त्यातला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला असतोच असं नाही.

तरी आयटीवाल्यांची बोटं घेतली गेली, त्याची एक गोष्ट आहे आणि ती पुण्यात सुरू होते. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एमफॅसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे पिन गोड बोलून काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबवले. परदेशी ग्राहक विचारायला लागले, तुमच्याकडे कामाला ठेवलेला माणूस कोण हे तुम्हाला तरी माहीत आहे का? जानेवारी २००६ मध्ये नॅसकॉमनं नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. बेंगळुरातल्या त्या वेळच्या नव्या इंजिनियरांना ‘आयटीपिन’ म्हटलं की लगेच आठवेल. फोटो आणि ठसे देऊन तो क्रमांक घ्यायचा. इथे ठसे गुन्हेगारी दप्तराशी ताडायचे नव्हतेच. एका कंपनीतून काढलेला माणूस नाव बदलून दुसऱ्या कंपनीत शिरू नये, एवढ्यापुरते होते. त्यामुळे शाई नाही, फिरवणं नाही. साध्या स्कॅनरवर बोट टेकवलं की काम झालं. कामापुरती पद्धत म्हणतात ती ही.

“माझी दहाही बोटं आधारमध्ये आहेत. तिथूनच का नाही घेत?” हा प्रश्नही हमखास येतो, आणि बेंगळुरात जास्त येतो, कारण आधारचं तंत्रज्ञान इथेच उभं राहिलं. विचारणाऱ्यांत ते उभं करणारेही असतात. पहिलं आधार कार्ड मात्र दिलं गेलं आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. आधारसाठी बोटं घेतात ती चार, चार आणि दोन अशी, नुसती टेकवून. एक माणूस दोनदा नोंदला जाऊ नये यासाठी ते पुरतं, कारण जोडीला डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेतात. गुन्हेगारी शोधासाठी ती नोंद केलेलीच नाही.

हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो गोव्यातून. २०१३ च्या सुरुवातीला वास्कोत शाळेतल्या एका लहान मुलीवर अत्याचार झाला. घटनास्थळी ठसे मिळाले, पण कुणाशी जुळेनात. तपास करणाऱ्या सीबीआयनं गोव्यातल्या सगळ्या आधारधारकांची बायोमेट्रिक माहिती मागितली, आणि तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती द्यायचा आदेशही दिला. प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाकडे आणि तिथून दिल्लीला गेलं. २४ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, त्या माणसाची लेखी संमती असल्याशिवाय कुणाचीही बायोमेट्रिक माहिती कुठल्याही यंत्रणेला द्यायची नाही. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात कलम २९ आलं आणि बोटं-डोळ्यांची मूळ माहिती कुणाला, कुठल्याही कारणासाठी देण्यावर बंदी झाली. पोलिसांत हयात गेलेल्या माणसानं याबद्दल कुरकुर करावी अशी लोकांची अपेक्षा असते. माझं मत उलट आहे. घटनास्थळी मिळतो तो तुटका, पुसट, अर्धा ठसा. तो एका राज्याच्या सगळ्या लोकसंख्येवर सोडला तर थोडेफार साम्य असलेली पुष्कळ निरपराध माणसं जाळ्यात येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या दारात पोलिस जातो.

ठसा द्यायचा तर तो पुढे कुठे जाऊन पडणार आहे हेही बघावं, हे बेंगळूरकर २०२३ मध्ये चांगलं शिकले. घर किंवा जागा विकत घेतली की सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा द्यावाच लागतो, नोंदणी कायद्याच्या कलम ३२ अ प्रमाणे. तो अंगठा दस्तावर छापला जातो, आणि दस्त सरकारच्या कावेरी पोर्टलवर दिसायचा. दस्तावरच आधार क्रमांक. चोरांना आणखी काय पाहिजे? ठशाची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या त्या छोट्या बँकिंग यंत्रांतून लोकांच्या खात्यांतले पैसे उचलले गेले. एका वेळेला दहा हजारांची मर्यादा आहे म्हणून रकमा लहान, पण ओटीपी नाही, कार्ड नाही, मालक घरात झोपलेला. नंतर दस्तांवरचे ठसे झाकण्याची पावलं उचलली गेली, आणि पोलिस सांगू लागले, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. ते एम-आधार ॲपवरून दोन मिनिटांत होतं. गरज पडेल तेव्हा उघडायचं, काम झालं की बंद. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात धुताना सांगतो. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

काहींच्या बाबतीत मुळात ठसाच उठत नाही. गवंडी, वीटभट्टीवर काम केलेले, भांडी घासणाऱ्या बाया, साठी ओलांडलेले. लग्नानंतर आठवडाभरात मेंदीच्या हातांनी आलेल्या सुना तर ठरलेल्याच. मेंदी शाईला नडत नाही फारशी, पण व्हिसा केंद्रातल्या स्कॅनरला नडते, म्हणून त्यांना रंग उतरल्यावरच अपॉइंटमेंट घ्यायला सांगतो. कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहाताची सालं निघतात आणि रेघा पुसल्या जातात. या औषधावर असलेल्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर बोटं उमटत नाहीत म्हणून चार तास अडकवून ठेवलं होतं, आणि ते २००९ मध्ये वैद्यकीय मासिकात छापून आलं. अशा माणसानं डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. कोरड्या हातांना शाई बरी पडते, कारण शाईवाला दाब आणि थर हातानं जुळवून घेतो. घामेजल्या हातांनी शाई पार बिघडते, तिथे मशीन बरं. माझ्या स्वतःच्या बोटांवरच्या रेघा केरोसिन आणि स्पिरिटनं इतक्या झिजल्यात की नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो की स्कॅनर मला ओळखत नाही. जीवन प्रमाणला आता चेहरा चालतो, म्हणून पेन्शन चालू आहे.

काम झालं की तिन्ही कार्डं आणि बिघडलेलीही मी त्या माणसाच्याच हातात देतो. माझ्याकडे प्रत ठेवत नाही, फोटो काढत नाही, काच त्याच्यासमोरच पुसतो. एवढं करूनही परवा एका मुलानं घरी जाऊन कार्डाचा झकास फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला, “अंकल, चेक करून सांगा, बरोबर आलंय का.” दहाही बोटं, नाव, जन्मतारीख, सही, सगळं एका फोटोत, आणि त्याच्या चुलत्यांच्या ग्रुपवरही तोच. मी त्याला लगेच फोन लावला. आधी तो फोटो दोन्हीकडून आणि ग्रुपवरून पुसायला लावला, मग म्हटलं, कार्ड घेऊन ये इकडे, संपिगे रोड मेट्रोपासून चालत ये, भिंग आहे माझ्याकडे, बघून सांगतो.